जिभेखालची गाठ आणि तीन प्रश्नचिन्हे

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

लहान मुलांच्या तोंडातील गाठींविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि लांब पत्रे थोडी आवरली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातील अडचण खरोखरच गुंतागुंतीची आहे.

कागल तालुक्यातील एक आई विचारतात: माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी दात घासताना त्याच्या जिभेखाली, उजव्या बाजूला, द्राक्षाएवढी निळसर गाठ दिसली. गावातील डॉक्टरांनी सुईने पाणी काढले. ते चिकट होते. गाठ त्याच दिवशी बसली, पण तीन आठवड्यांत पुन्हा तेवढीच झाली. आता कोल्हापुरात सोनोग्राफी केली, तर अहवालात रॅन्युला, डर्मॉइड सिस्ट आणि फोरगट डुप्लिकेशन सिस्ट अशी तीन नावे आहेत आणि तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह आहे. एका लेकराला तीन रोग कसे, या विचाराने घरात कोणाला झोप नाही. हा कर्करोग असू शकतो का? शस्त्रक्रिया सांगितली आहे. चैत्रात जोतिबाची यात्रा आहे, ती झाल्यावर केली तर चालेल का?

उत्तर: तीन नावे म्हणजे तीन रोग नव्हेत. गाठ एकच आहे आणि ती काय असू शकेल याच्या तीन शक्यता तपासणाऱ्या तज्ज्ञांनी प्रामाणिकपणे लिहून दिल्या आहेत. त्यांपैकी एकही कर्करोग नाही. प्रत्यक्ष मूल न पाहता मी निदान करणार नाही, परंतु अहवाल कसा वाचावा आणि डॉक्टरांना पुढे काय विचारावे, एवढे नक्की सांगता येईल.

सिस्ट म्हणजे आत पाणी, चिकट द्रव किंवा मऊ गर साठलेली पिशवी. ती तोंडात नेमकी कोठे आहे यावरून अर्धे निदान होते, म्हणून तुम्ही लिहिलेले ‘उजव्या बाजूला’ हे शब्द अहवालातील नावांइतकेच महत्त्वाचे आहेत. जिभेखाली दोन्ही बाजूंना एकेक लहान लाळग्रंथी असते. ही ग्रंथी जेवताना तर पाझरतेच, पण एरवीही, तोंडात घास नसताना, थोडी थोडी लाळ सोडत राहते. तिची एखादी बारीक नळी फाटली किंवा तुंबली की लाळ तोंडात येण्याऐवजी आजूबाजूच्या मऊ भागात झिरपते, शरीर तिच्याभोवती कुंपण घालते आणि निळसर, चकचकीत फुगवटा दिसू लागतो. तो बेडकाच्या फुगलेल्या पोटासारखा दिसतो म्हणून त्याला रॅन्युला, म्हणजे लॅटिनमध्ये ‘छोटी बेडकी’, असे नाव पडले. एका बाजूला असणे, निळसर रंग, चिकट पाणी आणि तीन आठवड्यांत पुन्हा भरणे ही तुम्ही सांगितलेली चारही लक्षणे रॅन्युलाशी जुळतात. सुईने पाणी काढले तेव्हा बादली रिकामी झाली, वरचा नळ मात्र चालूच राहिला. उमेदवारीच्या काळात मीही एका मुलीच्या गाठीतले पाणी असेच काढून दिले होते आणि तिच्या आजीने दुसऱ्या दिवशी पेढे आणले होते. महिन्याभराने ती मुलगी तेवढीच गाठ घेऊन पुन्हा समोर बसली, तेव्हा आजीच्या नजरेला नजर देणे मला जड गेले.

डर्मॉइडची गोष्ट वेगळी आहे. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जबड्याचे दोन्हीकडचे भाग मध्यरेषेवर जुळतात, तेव्हा कातडीच्या काही पेशी त्या सांध्यात अडकून राहतात. अडकल्या तरी त्या आपला धर्म सोडत नाहीत. कोंडा आणि तेलकट स्राव तयार करत राहतात, क्वचित केससुद्धा, आणि हे सगळे पिशवीत साचत जाते. त्यामुळे ही गाठ बहुधा मधोमध असते, रंगाने फिकट असते आणि बोटाला मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागते. शरीरातील सर्व डर्मॉइड गाठींपैकी डोके आणि मान या भागात सुमारे ७ टक्केच सापडतात, तोंडाच्या तळाशी त्याहून पुष्कळ कमी. शिवाय जन्मापासून असूनही तोंडातील अशा गाठी बहुतेक वेळा १५ ते ३५ या वयात लक्षात येतात. उघडल्यावर आतून श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्यासारखा गर निघतो. तुमच्या मुलाच्या गाठीतून सुईवाटे सहज पाणी आले, ही बाब डर्मॉइडच्या विरोधात जाते.

तिसरे नाव सर्वांत दुर्मीळ आहे. श्वासनलिका, अन्ननलिका आणि जठर हे सारे गर्भात एकाच नळीपासून घडतात आणि त्या नळीला फोरगट म्हणतात. जीभ तयार होत असताना या नळीच्या अस्तराचा एखादा कण तिच्यात किंवा तिच्याखाली अडकला, तर तेथे चक्क जठराचे किंवा आतड्याचे अस्तर असलेली पिशवी तयार होते. जिभेखाली पोटाचे अस्तर, हे ऐकून आईबाप हादरतात, पण ते अस्तर निरोगीच असते. फक्त जागा चुकलेली असते. अशा गाठी बहुधा तान्हेपणीच कळतात, कधी गरोदरपणातील सोनोग्राफीतसुद्धा दिसतात. तुमच्या मुलाचे वय त्या मानाने जास्त आहे. मात्र या गाठीतही चिकट द्रवच असतो, त्यामुळे नुसते पाणी पाहून ती रॅन्युलापासून वेगळी काढता येत नाही, आणि तुमच्या अहवालातील प्रश्नचिन्हे आली ती येथून.

सोनोग्राफीत काही खुणा मिळतात. डर्मॉइडमध्ये स्निग्ध गोळ्या गोट्यांनी भरलेल्या पिशवीसारख्या दिसू शकतात. फोरगटच्या गाठीला कधी आतड्यासारखी दुहेरी भिंत दिसते. पण सव्वातीन वर्षांचे मूल हनुवटीखाली यंत्र टेकवू देते किती वेळ? त्यामुळे प्रश्नचिन्ह लिहिणाऱ्या तज्ज्ञांवर रागावू नका. अशा गाठीवर प्रश्नचिन्हाशिवाय आलेल्या अहवालाची मला अधिक धास्ती वाटते.

पुढची तपासणी म्हणजे एमआरआय. त्यात सीटी स्कॅनसारखे क्ष-किरण नसतात, परंतु मुलाला बराच वेळ निश्चल राहावे लागते आणि या वयात त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागते. वर दिसणाऱ्या, लहान, एकाच बाजूच्या प्रत्येक गाठीला एमआरआय हवाच, असे मी मानत नाही. हनुवटीखाली किंवा मानेत मऊ सूज असेल, तर मात्र तो टाळू नये, कारण रॅन्युला कधी कधी तोंडाच्या तळाच्या स्नायूतून वाट काढून मानेत उतरतो आणि मग वरून दिसतो तेवढाच तो नसतो. मूल झोपलेले असताना त्याची मान किंचित मागे करून हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी चाचपून पाहा आणि फरक जाणवला तर तो डॉक्टरांना सांगा.

आता उपचार. रॅन्युलात साठलेली पिशवी हा मूळ दोष नाही, मूळ दोष पाझरणाऱ्या ग्रंथीत आहे, म्हणून त्या बाजूची जिभेखालची ग्रंथी काढली की गाठ परतण्याची शक्यता सर्वांत कमी होते. एक ग्रंथी गेल्याने तोंड कोरडे पडत नाही, कारण बाकीच्या ग्रंथी भरपूर लाळ देतात. पिशवीचे छप्पर उघडून कडा शिवून टाकणे हा सौम्य मार्गही आहे. तो सोपा आहे, पण त्यानंतर गाठ पुन्हा भरण्याचे प्रमाण जास्त असते. डर्मॉइड किंवा फोरगटची गाठ निघाली तर ग्रंथीला हात लावण्याचे कारण नसते, मात्र पिशवी अस्तरासकट पूर्ण काढावी लागते. अस्तराचा तुकडा मागे राहिला तर तो पुन्हा आपले काम सुरू करतो. या जागेतून जिभेला संवेदना देणारी नस आणि जबड्याखालच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी जाते, म्हणून हे काम लहान मुलांची शस्त्रक्रिया करणाऱ्या किंवा मुखशल्यचिकित्सेतील अनुभवी हातांकडेच द्यावे. भूल देणारे डॉक्टरही मुलांना भूल देण्याचा सराव असलेले हवेत, कारण शस्त्रक्रिया आणि श्वास या दोन्हींची वाट तोंडातूनच जाते. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीला पाठवणार ना, हे आधीच विचारून ठेवा. तिन्ही प्रश्नचिन्हे मिटवणारा अहवाल तोच असतो.

उपाशी ठेवण्याबाबत एक सूचना मुद्दाम लिहितो, कारण यात घोटाळा फार होतो. घरात दुधाला कोणी जेवण समजत नाही, आणि ‘फक्त अर्धी वाटी दूध दिले होते’ या एका वाक्याने शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेलेली मी कितीदा पाहिली आहे. गाई-म्हशीच्या दुधासाठी साधारण ६ तास, अंगावरच्या दुधासाठी ४ तास आणि साध्या पाण्यासाठी २ तास हा प्रचलित हिशेब आहे. तुम्हाला भूलतज्ज्ञ जी वेळ लिहून देतील ती अंतिम. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मऊ भात, ताक, पेज, थंड दूध असे द्यावे. दूध कोल्हापुरातील गंगावेशीच्या कट्ट्यावरचे धारोष्ण नको, तापवून गार केलेले द्या. तांबडा रस्सा टाके विरघळेपर्यंत थांबेल.

राहिला यात्रेचा प्रश्न. मूल नीट जेवत असेल, बोलणे अडखळत नसेल, झोपेत घोरणे किंवा श्वास अडकणे नसेल आणि गाठ वाढत नसेल, तर काही आठवडे थांबण्यास हरकत नसते. लहान मुलांतील काही रॅन्युला तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरतात, म्हणून आम्हीही कधी कधी मुद्दाम वाट पाहतो. तुमची गाठ एकदा रिकामी करूनही परत आली आहे, तेव्हा मी फार काळ थांबणार नाही, पण यात्रा चुकवायला लावण्याइतकी घाईही करणार नाही. जीभ वर ढकलली जाऊ लागली, लाळ गिळता येईना किंवा ताप येऊन गाठ लाल झाली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दरम्यान कोणालाही पुन्हा सुई घालू देऊ नका. गाठीत जंतू गेले तर पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

शुक्रवार पेठेतील एक आजी लिहितात: नात २० दिवसांची आहे. तिच्या तोंडातल्या टाळूवर मधोमध तीन-चार आणि वरच्या हिरडीवर दोन पांढरे मणी दिसतात. शेजारणी म्हणतात, मिठाने चोळ, नाहीतर टाकणखार मधात कालवून लाव.

उत्तर: आजी, दोन्ही करू नका. मराठीत टाळू हा शब्द तोंडातील छतालाही आहे आणि तेल भरतो त्या डोक्यावरच्या मऊ जागेलाही आहे. एकदा फोनवर ‘टाळूवर पांढरे मणी’ ऐकून मी एका बाळाच्या डोक्याचे तेल बंद करायला लावले होते! तुम्ही ‘तोंडातल्या टाळूवर’ असे स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे यावेळी घोटाळा नाही.

टाळूचे दोन भाग गर्भात मध्यरेषेवर जुळतात, तेव्हा त्वचेसारख्या पेशींचे लहान पुंजके मध्ये अडकतात आणि त्यांत केराटिन, म्हणजे नखाकेसांतला पदार्थ, साठतो. प्रागचे बालरोगतज्ज्ञ अलोइस एप्स्टाइन यांनी १८८० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना एप्स्टाइनचे मोती म्हणतात. हिरडीवरचे मणी दात घडवणाऱ्या पेशींच्या उरलेल्या तुकड्यांतून किंवा बारीक लाळग्रंथींच्या अवशेषांतून येतात. हिरडीच्या बाजूला असणाऱ्यांना १८६६ मध्ये त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या हाइनरिश बोन यांचे नाव आहे. हे दुर्मीळ मुळीच नाहीत, निम्म्याहून अधिक नवजात बाळांत सापडतात, दूध पिण्यात अडथळा आणत नाहीत आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, फुटून नाहीसे होतात. औषध काहीच नाही.

टाकणखार पोटात गेला तर विषारी असतो आणि मध एक वर्षाच्या आत कोणत्याही कारणाने देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. मिठाने नाजूक अस्तर सोलले जाते. बाळगुटीच्या सहाणेवरचा मधही यातच आला, हे तुम्हाला आवडणार नाही, पण सांगणे भाग आहे. पांढरा थर जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या कवडीसारखा पसरलेला असेल आणि पुसल्यावर खाली लाल दिसत असेल, तर ती बुरशी असते आणि तिला डॉक्टरांचे औषध लागते.

इचलकरंजीहून एक वडील: सात वर्षांच्या मुलाच्या खालच्या ओठाच्या आत हरभऱ्याएवढी गाठ येते, फुटते, पाणी जाते आणि पंधरा दिवसांत पुन्हा येते. असे चार महिने चालले आहे.

उत्तर: हे बहुधा म्युकोसील आहे. ओठ चावला गेला की आतील बारीक लाळग्रंथीची नळी फाटते आणि रॅन्युलात जे जिभेखाली घडते तेच येथे छोट्या प्रमाणात घडते. पहिल्यांदा आलेली लहान गाठ काही आठवडे पाहण्यात काही गैर नाही. चार महिन्यांत पुन्हा पुन्हा भरलेली गाठ सहसा आपोआप जात नाही. गाठीसोबत तिच्या लगतच्या बारीक ग्रंथीही काढतात आणि दोन-तीन विरघळणारे टाके घालतात. सात वर्षांचे समजूतदार मूल असेल तर जागा बधिर करून काम होते. बाकी सगळे डॉक्टर सांभाळतात. तुमच्याकडे एकच काम राहते. ओठ बधिर असेपर्यंत, म्हणजे पुढचे दोन-तीन तास, मुलाला काही चावायला देऊ नका आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा, कारण ओठाला काही जाणवत नसल्याने मुले गंमत म्हणून तोच ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो सुजून येतो. अभ्यास करताना ओठ चघळण्याची सवय असेल तर ती मोडावी लागेल, नाहीतर शेजारची दुसरी ग्रंथी फाटेल. दाबल्यावर गाठ फिकट होऊन लगेच पुन्हा भरत असेल किंवा तिच्यात ठोके जाणवत असतील, तर ती रक्तवाहिन्यांची असू शकते. तसे दिसल्यास काढण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी.

गडहिंग्लजहून: दहा महिन्यांच्या मुलीच्या वरच्या हिरडीवर जांभळी, फुगीर गाठ आली आहे. दुखत नाही. चिरावी लागेल का?

उत्तर: बहुधा नाही. दात बाहेर येण्याआधी त्याच्या माथ्यावर द्रव साठतो आणि त्यात थोडे रक्त मिसळले की गाठ जांभळी दिसते. दात वर आला की ती आपोआप फुटते. ताप, पू किंवा दुखणे असेल, अथवा काही आठवडे उलटूनही दात येत नसेल, तर दाखवावे.

राधानगरी तालुक्यातील एक अंगणवाडी सेविका विचारतात: मुलाच्या तोंडात गाठ दिसली तर कोणत्या मुलाला लगेच पाठवावे आणि कोणाला पुढच्या तपासणीपर्यंत थांबवावे? नोंद कशी करावी?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण अशा गाठी आमच्याआधी तुम्हालाच दिसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. ओठावरची लहान गाठ किंवा दात येतानाची जांभळी गाठ असेल आणि मूल खेळत-खात असेल, तर पथकाला दाखवण्यापर्यंत थांबता येते. जिभेच्या मुळाशी, घशाकडे असलेल्या गाठीसाठी मात्र थांबू नये. तेथे थायरॉइडच्या जन्मजात नळीच्या अवशेषातून होणारी गाठ तान्ह्या बाळाची श्वासाची वाट अडवू शकते, आणि अशा बाळाचा श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येतो, दूध पिताना ते थांबून थांबून धाप टाकते आणि वजन वाढत नाही. अशा वेळी गाठ दिसली नाही तरी बाळाला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पाठवा. पालकांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. जिभेच्या मुळाशी दिसणारा गोळा कधी कधी खाली मानेत उतरायची राहून गेलेली थायरॉइड ग्रंथीच असते आणि त्या मुलाकडे बहुतेक वेळा तेवढीच एक असते, म्हणून मानेत थायरॉइड आहे याची सोनोग्राफीने खात्री केल्याशिवाय तो गोळा कोणी काढू नये. खर्चाची अडचण असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारता येते.

नोंदीत जागा, बाजू, रंग, माप आणि तारीख एवढे पुरे. माप मुगाएवढे, हरभऱ्याएवढे, सुपारीएवढे असे लिहिले तरी चालते. आम्हाला ते ‘छोटी गाठ’ या शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडते. तपासताना मुलाला आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून बसवा, तुम्ही समोर गुडघ्याला गुडघा लावून बसा आणि मुलाचे डोके हळूच मागे आपल्या मांडीवर घ्या. आई हात धरते, तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि मोबाइलच्या उजेडात जिभेखालचा सगळा भाग दिसतो. पालकांची परवानगी घेऊन त्याच वेळी एक फोटोही काढून ठेवा, कारण दोन महिन्यांनी मूल आमच्याकडे येते तेव्हा गाठ नेमकी त्याच आठवड्यात बसलेली असते.